जागा रिकामी नव्हती

१९४८ च्या डिसेंबरात पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या आणि त्यांतल्या नाबाद ४४३ एकट्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या होत्या. ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा त्या वेळचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर आला होता. तिसऱ्या दिवशी विश्रांतीसाठी खेळ थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही. राजकोटचे ठाकूरसाहेब काठियावाडचे कर्णधार होते. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम व्हावा हे त्यांना रुचले नाही आणि त्यांनी सामना सोडून दिला. भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणीत केलेली ही आजही सर्वांत मोठी खेळी आहे. निंबाळकर मात्र एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. १९४९-५० मध्ये कॉमनवेल्थ संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला आली, आणि तेवढ्यावरच भागले.

ही हकीकत आपल्याकडे पाऊणशे वर्षे अन्यायाची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. पण त्याच हंगामाचे पुढचे पान उलटले तर मामला थोडा गुंतागुंतीचा होतो. १९४९ च्या मार्चमध्ये पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांची उपांत्य लढत झाली. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. चौथ्या डावात सहाशेचा टप्पा ओलांडूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. एकूण २३७६ धावा आणि नऊ शतके! प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात दुसरीकडे कुठेही झालेल्या नाहीत. त्या काळच्या पुण्याच्या खेळपट्ट्यांवर गोलंदाजाला काय मिळत असेल, याची कल्पना यावरून येते.

मग ४४३ या आकड्याचे मोल किती? पुण्याच्या खेळपट्टीचा वाटा त्यातून वजा करायला हवा, हे खरे. पण त्याच खेळपट्टीवर काठियावाडला २३८ च्याच धावा जमल्या, आणि त्या काळात पुण्यात खेळलेल्या दुसऱ्या कुणालाही चारशेचा पल्ला गाठता आला नाही, हेही तितकेच खरे. प्रथम श्रेणीत निंबाळकरांची सरासरी ४८ च्या आसपास होती. हा एका डावाचा चमत्कार नव्हता.

आता त्याच हिवाळ्यातली तिसरी गोष्ट. वेस्ट इंडिजचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता. त्या पाच कसोटींत रुसी मोदींनी ५६० आणि विजय हजारे यांनी ५४३ धावा केल्या. मधल्या फळीतली ही दोन माणसे त्या हिवाळ्यात कसोटीतच खोऱ्याने धावा काढत होती. निंबाळकरांना संघात घ्यायचे तर कुणाला बाहेर काढायचे, हा प्रश्न कोणत्याही निवड समितीपुढे उभा राहिलाच असता. ‘हा माणूस किती चांगला?’ या प्रश्नाचे उत्तर ४४३ हा आकडा देतो. निवड करणाऱ्यांपुढचा प्रश्न वेगळा असतो: ‘जागा कुठे आहे?’ त्याबाबतीत हा आकडा मुका आहे.

माणसाचा हिशेब धावफलक ठेवतो, जागेचा हिशेब कुणीच ठेवत नाही. गेल्या पाऊणशे वर्षांतले मराठी मातीतले काही प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

जागेचा असा विचार पद्धतशीरपणे केला तो अमेरिकेतल्या बेसबॉलने. त्या खेळात चेंडू फेकणारा कोणत्या हाताचा आणि फलंदाज कोणत्या हाताचा, याला फार महत्त्व आहे. समोरून येणाऱ्या हाताचा चेंडू फलंदाजाला चांगला दिसतो; म्हणजे डावखुऱ्या फेकणाऱ्यापुढे उजव्या हाताचा फलंदाज सुखात असतो आणि उजव्यापुढे डावखुरा. तेव्हा एका जागेसाठी दोन माणसे ठेवायची आणि समोर कोण फेकतो आहे ते पाहून एकाला उतरवायचे, ही युक्ती तिथे रूढ झाली. तिला ते ‘प्लटून’ म्हणतात. आपली ‘पलटण’ याच कुळातली. १९१४ मध्ये बोस्टन ब्रेव्हज हा संघ जुलैच्या मध्यापर्यंत गुणतक्त्याच्या तळाशी होता. जॉर्ज स्टॉलिंग्ज या व्यवस्थापकाने मैदानाच्या बाहेरच्या फळीत अशा जोड्या फिरवत ठेवल्या आणि तोच संघ वर्षअखेर अजिंक्य ठरला. पुढे केसी स्टेंगल यांनी न्यूयॉर्क यँकीज संघात हीच पद्धत इतकी मुरवली की १९४९ ते १९६० या बारा हंगामांत त्यांच्या संघाने दहा वेळा आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले. गंमत अशी की, स्टेंगल स्वतः खेळाडू असताना त्यांनाही डावखुरे म्हणून असेच आलटून पालटून खेळवले जाई. बाकावर बसवणाऱ्याला बाकावर बसण्याची चव ठाऊक होती.

बाल्टिमोर ओरिओल्सचे अर्ल वीव्हर तर कोणत्या फलंदाजाने कोणत्या गोलंदाजाला किती वेळा मारले, याची टिपणे कार्डांवर लिहून जवळ बाळगत. पण या कार्डांतच आकड्यांची पहिली मर्यादा दडलेली आहे. समजा, एका फलंदाजाने एका गोलंदाजासमोर दहा वेळा उभे राहून चार वेळा यश मिळवले आणि दुसऱ्याने तितक्याच वेळा उभे राहून तीन वेळा. कागदावर पहिला बराच सरस दिसतो. प्रत्यक्षात फरक आहे एका फटक्याचा, आणि तो फटका क्षेत्ररक्षकापासून वीतभर दूर पडला म्हणून यशस्वी झालेला असू शकतो. मोसमात १६२ सामने असलेल्या खेळात असे योगायोग हळूहळू एकमेकांना खोडून काढतात. शिवाय संघात २६ खेळाडू हाताशी असतात. चूक झाली तर उद्याचा सामना आहेच.

क्रिकेटमध्ये हे दोन्ही दिलासे नाहीत. अकरा जण एकदा ठरले की सहसा पाच दिवस तेच. बारावा पाणी देतो, कुणाच्या जागी क्षेत्ररक्षण करतो. गोलंदाजी-फलंदाजी सहसा त्याच्या नशिबी नसते. आणि सामने तरी किती? रणजी करंडकाचे सामने पूर्वी विभागवार होत. मुंबईला पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, बडोदा, सौराष्ट्र असे प्रतिस्पर्धी असत आणि त्यातून वर गेले तर बाद फेरी. इतक्या थोड्या सामन्यांवर माणसाचे भवितव्य ठरे.

यात सर्वांत अवघड जागा डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची. त्याचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर जातो, म्हणून संघाला असा एक गोलंदाज हवाच असतो. पण दोन कशाला? दोघांचा चेंडू एकाच दिशेला वळणार. त्यापेक्षा दुसरा ऑफस्पिनर घ्यावा, म्हणजे डावखुऱ्या फलंदाजांचाही बंदोबस्त होतो. म्हणून ही जागा जवळजवळ नेहमीच एकाची असते. १९६६ च्या अखेरीस ती बिशनसिंग बेदींना मिळाली आणि पुढची बारा-तेरा वर्षे त्यांच्याकडेच राहिली. याच काळात मुंबईत पद्माकर शिवलकर होते आणि उत्तरेत राजिंदर गोयल.

तिघांचे प्रथम श्रेणीतले आकडे शेजारी मांडून पाहावेत. गोयल: १५७ सामने, ७५० बळी, सरासरी १८.५८. शिवलकर: १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. बेदी: ३७० सामने, १५६० बळी, सरासरी २१.६९. नावे झाकून हा तक्ता कुणाला दाखवला आणि एकाला निवडायला सांगितले, तर तो गोयल यांना निवडील, मग शिवलकरांना, बेदी तिसरे. प्रत्यक्षात बेदी ६७ कसोटी खेळले, उरलेले दोघे मिळून शून्य.

आकड्यांनी खोटे सांगितले का? नाही. ते फक्त तीन वेगवेगळ्या जगांचे हिशेब आहेत. बेदींच्या सरासरीत कसोटी सामने आहेत, नॉर्दम्प्टनशायरकडून खेळलेले कौंटी हंगाम आहेत, इंग्लंडची ओली थंड हवा आहे आणि ऑस्ट्रेलियाची टणक मैदाने आहेत. गोयल आणि शिवलकर यांचे बहुतेक बळी देशी खेळपट्ट्यांवरचे, देशी फलंदाजांचे. त्या फलंदाजांत अनेक उत्तम होते, पण प्रत्येक सामन्यात समोर सोबर्स आणि लॉइड नव्हते. म्हणून सरासरी पाहून गोयल बेदींहून सरस होते असे म्हणता येत नाही. पण याच तर्काचे दुसरे टोक निवड समित्यांची वकिली करणाऱ्यांना सहसा दिसत नाही. ज्यांनी कसोटी खेळलीच नाही त्यांची कसोटीतली सरासरी अस्तित्वातच नाही. मग ते बेदींहून कमी होते, असे तरी कशाच्या आधारे म्हणायचे? ज्याला संधी दिली त्याचा पुरावा तयार होतो. ज्याला दिली नाही त्याचा पुरावा तयारच होत नाही आणि त्याच्या नावापुढची कोरी जागा त्याच्याच विरुद्ध वाचली जाते.

शिवलकरांच्या कारकिर्दीतला सर्वांत प्रसिद्ध सामना हेच वेगळ्या प्रकारे सांगतो. १९७२-७३ च्या रणजी अंतिम फेरीत मुंबई चेपॉकवर तमिळनाडूशी खेळत होती. खेळपट्टी अशी वळत होती की मुंबईचे डाव १५१ आणि ११३ वर संपले. तमिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार होते, घरची खेळपट्टी, घरचे फिरकी गोलंदाज, सारा बेत यजमानांच्या बाजूचा. पण शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. तमिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबईने लागोपाठ पंधराव्यांदा करंडक जिंकला. ३४ धावांत १३ बळी! जसे निंबाळकरांच्या ४४३ मधून पुण्याची खेळपट्टी वजा करतात, तशी इथेही चेपॉकची वजा करता येईल. पण मग त्याच खेळपट्टीवर वेंकटराघवन आणि कुमार यांच्यापुढे मुंबईने २६४ धावा जमवल्या आणि शिवलकरांसमोर तमिळनाडूला १४१ च जमल्या, या फरकाचे काय करायचे? वजाबाकी करून जे उरते ते त्या माणसाचे. ते मोजायला सरासरीचा रकाना अपुरा पडतो. सामना पाहावा लागतो.

जागा खरोखर रिकामी झाली तेव्हा काय झाले? १९७४ च्या नोव्हेंबरात वेस्ट इंडिजविरुद्ध बंगळूरला पहिली कसोटी होती. शिस्तभंगाच्या कारणावरून बेदींना वगळण्यात आले होते. गोयल यांना बोलावणे गेले. बत्तिसाव्या वर्षी माणूस दाराशी पोहोचला. सामन्याच्या सकाळी अकरा नावे ठरली त्यांत ते नव्हते. भारत प्रसन्न, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर या तिघांना घेऊन उतरला. म्हणजे दोन ऑफस्पिनर आणि एक लेगस्पिनर.

हा निर्णय कुणी कोणत्या विचाराने घेतला असेल ते असो, बेसबॉलच्या हिशेबाने पाहिले तर तो बिनतोड दिसतो. वेस्ट इंडिजच्या वरच्या फळीत फ्रेडरिक्स, कालिचरण आणि लॉइड असे तीन डावखुरे होते. डावखुऱ्या फिरकीचा चेंडू त्यांच्या अंगावर वळला असता, ऑफस्पिनरचा बाहेर जाणार होता. मग एकाऐवजी दोन ऑफस्पिनर घेणे शहाणपणाचे. प्रत्यक्षात कालिचरण यांनी पहिल्या डावात १२४ धावा केल्या, लॉइड यांनी दुसऱ्यात १६३, आणि भारत २६७ धावांनी हरला. म्हणून निर्णय चुकला असे ठरते का? तसेही नाही. गोयल खेळले असते तर लॉइड यांनी कदाचित दोनशे केल्या असत्या. कदाचित तिशीत बाद झाले असते. जो सामना खेळलाच गेला नाही त्याचा धावफलक नसतो. त्या मालिकेतच वेंकटराघवन दिल्लीला कर्णधार होते आणि पुढच्या कसोटीत बारावे, एवढे सांगितले म्हणजे त्या काळची निवड किती ठाम विचारावर उभी होती ते कळते.

याच बंगळूरच्या कसोटीत पुण्याचे हेमंत कानिटकर पहिल्यांदा भारताकडून खेळले आणि पहिल्याच डावात त्यांनी ६५ धावा काढल्या. त्यांना एकूण दोन कसोटी मिळाल्या. दोन कसोटींवरून फलंदाज ठरवणे आणि दहा फटक्यांवरून बेसबॉलपटू ठरवणे यांत फारसा फरक नाही. निंबाळकरांना ती जागा एकदाही मिळाली नाही. कानिटकरांना मिळाली, पण आकडा काही बोलू लागण्याआधीच ती गेली.

आकड्यांच्या विरुद्ध जाऊन केलेली निवड यशस्वी झाल्याचे उदाहरणही मराठी कर्णधाराचेच आहे. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर अजित वाडेकर यांच्याकडे दोन ऑफस्पिनर होते. प्रसन्न यांचे नाव तेव्हा जगभर होते. १९६७-६८ च्या दौऱ्यात त्यांनी ऑस्ट्रेलियात २५ आणि न्यूझीलंडमध्ये २४ बळी घेतले होते. वेंकटराघवन यांचे आकडे त्या तोडीचे नव्हते. वाडेकरांनी तिन्ही कसोटींत वेंकटराघवन यांनाच खेळवले. चेंडू अचूक टाकणारा, तळाला थोड्या धावा काढणारा आणि जवळचे झेल पकडणारा माणूस त्यांना हवा होता. वेंकटराघवन यांनी मालिकेत १३ बळी घेतले, चंद्रशेखर यांच्याइतकेच, आणि ओव्हलवर भारताने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. इथे प्रसन्न यांच्यावर अन्याय झाला असे म्हणता येईल आणि वाडेकर बरोबर होते असेही म्हणता येईल. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि या विषयातली खरी वेदना तिथेच आहे.

त्याच ओव्हलच्या दुसऱ्या डावात ॲलन नॉट यांचा बळी धावफलकावर असा नोंदला आहे: झेल सोलकर, गोलंदाज वेंकटराघवन. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचे चिरंजीव. २७ कसोटींत त्यांची फलंदाजीची सरासरी २५ च्या घरात, बळी थोडेच. पण फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅटपासून हातभर अंतरावर, शिरस्त्राणाशिवाय उभे राहून त्यांनी घेतलेले बहुतेक झेल धरून त्यांच्या नावावर ५३ झेल आहेत. कसोटीमागे जवळजवळ दोन. हा आकडाही अर्धाच आहे. सोलकर तिथे उभे आहेत म्हणून पुढे पाय टाकायला कचरलेला आणि त्या धास्तीत यष्टिचीत किंवा पायचीत झालेला फलंदाज गोलंदाजाच्या खात्यात जमा होतो. शिवाय सोलकर डावखुरी मध्यमगती टाकत, डावखुरी फिरकी टाकत आणि डावखुरी फलंदाजी करत. कप्तानाला एका माणसात तीन जागा भरून मिळत होत्या. कोणत्याही एका रकान्यात पहिला नसलेला हा माणूस संघात का हवा, हे त्याच्या कप्तानाला सांगावे लागत नव्हते.

संघाची खोली हा शब्द आपण सहज वापरतो, पण पहिले अकरा हजर असताना ती दिसत नाही. ती दिसायला जागा रिकाम्या व्हाव्या लागतात. १९७०-७१ मध्ये वाडेकर, गावस्कर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड हे सारे वेस्ट इंडिजला गेलेले असताना रणजीची अंतिम फेरी मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात झाली. महाराष्ट्राला याहून चांगली संधी कधी मिळणार होती? पण सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या दुसऱ्या फळीने करंडक राखला. त्या फळीतल्या बहुतेकांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. पंधरा वर्षांच्या त्या साखळीत जितका वाटा कसोटीवीरांचा होता, तितकाच या माणसांचा होता.

याची दुसरी बाजू खेड्यात दिसते. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या राहू बेटात दिवाळीनंतर ऊसतोडीची आणि गुऱ्हाळांची गडबड सुरू होते आणि त्याच दिवसांत गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धाही भरतात. तिथल्या कप्तानापुढे निवडीचा पेच नसतो. रानातून, गुऱ्हाळावरून जो सुटेल तो खेळतो. बारावा मिळाला तर भाग्य. अशा संघात कुणावर अन्याय होत नाही, कारण बाकच नसतो. अन्याय व्हायलाही श्रीमंती लागते. शिवलकर आणि गोयल यांच्यावरचा अन्याय हा भारतीय फिरकीच्या वैभवाचा हिशेब आहे. हे दोघे दुसऱ्या एखाद्या देशात जन्मले असते, तर कदाचित पन्नास कसोटी खेळले असते. या विचाराने इतिहासकाराचे समाधान होईल. त्या दोघांचे व्हावे अशी अपेक्षा कुणी करू नये.

पुढच्या पिढीत हीच गोष्ट अमोल मुझुमदार यांच्या वाट्याला आली. १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढच्या क्रमांकाचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे मुझुमदार. १९९३-९४ च्या हंगामात मुंबईकडून पदार्पणातच त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत पुढे ११,१६७ धावा आणि ३० शतके. भारताकडून सामने शून्य. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. इथेही जागा रिकामी नव्हती.

मुझुमदार २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात, आयुष्यभर जागेची वाट पाहिलेल्या या माणसावर इतरांच्या जागा ठरवण्याची वेळ आली. इंग्लंडविरुद्ध गोलंदाजीचा आणखी एक पर्याय हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्सला वगळण्यात आले. तो सामना भारत हरला, जेमिमा परतली आणि उपांत्य फेरीत तिसऱ्या क्रमांकावर येऊन तिने नाबाद १२७ धावा केल्या. भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य गाठले. त्याआधी स्पर्धेत ३०८ धावा केलेली सलामीची प्रतिका रावल क्षेत्ररक्षण करताना जायबंदी झाली होती. तिच्या जागी मूळ संघात नावच नसलेल्या शेफाली वर्माला बोलावले गेले. नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यात शेफालीने ७८ चेंडूंत ८७ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेचा पाठलाग रंगात आला असताना हरमनप्रीत कौरने तिच्या हाती चेंडू दिला आणि तिने दोन गडी बाद केले. शेफालीची गोलंदाजी कोणत्याही तक्त्यात धरावी अशी नव्हती. आज तिचा दिवस आहे असे कर्णधाराला मनापासून वाटले, एवढाच आधार. भारत ५२ धावांनी जिंकला आणि प्रतिका चाकांच्या खुर्चीत बसून त्या जल्लोषात सामील झाली.

या विजयातून आकड्यांपेक्षा अंतर्ज्ञान श्रेष्ठ असा धडा काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. मनात आले म्हणून चेंडू दिला आणि सामना गेला, असे प्रसंग शेकड्यांनी घडतात. त्यांवर लेख लिहिले जात नाहीत. अंतर्ज्ञानाच्या हिशेबातही फक्त खेळल्या गेलेल्या सामन्यांचीच नोंद होते. शिवाय आकडे नसते तर निंबाळकर, गोयल, शिवलकर आज कुणाला आठवलेही नसते. निवड समितीने ज्यांना दार उघडले नाही, त्यांची साक्ष शेवटी या रकान्यांनीच जपून ठेवली. सरासरी निवड करू शकत नाही, पण निवडीला जाब विचारू शकते. तिचे खरे काम तेच असावे.

आणि जाब विचारताना प्रश्न नीट मांडायला हवा. ‘इतक्या धावा करूनही का घेतले नाही?’ असे विचारले की उत्तर सोपे पडते: जागा नव्हती. त्याऐवजी विचारावे की जागा झाली तेव्हा काय केलेत? बंगळूरला दाराशी आलेल्या गोयल यांना परत का पाठवलेत? एकाला दोन सामन्यांत पारखून दुसऱ्याला वीस सामने कोणत्या न्यायाने दिलेत? या प्रश्नांना तक्त्यात उत्तर नाही. ते माणसांनाच द्यावे लागते, आणि बहुतेक वेळा ते दिले गेलेले नाही.

२०१७ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने गोयल आणि शिवलकर या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. कसोटी न खेळलेल्या दोघांचा असा गौरव व्हावा, ही एक प्रकारची कबुलीच होती. सुनील गावस्कर यांनी तर आपल्या आदर्श खेळाडूंवरच्या पुस्तकात या दोघांना फार पूर्वीच स्थान दिले होते. ज्याने नेटमध्ये आणि सामन्यात त्यांना खेळून पाहिले, त्याला कसोटीच्या आकड्यांची गरज वाटली नाही. गोयल २०२० मध्ये गेले, शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये. शिवलकरांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले होते ‘हा चेंडू दैवगतीचा’. ते १९८७-८८ च्या हंगामात, सत्तेचाळिशीत, मुंबईसाठी पुन्हा मैदानात उतरले होते. बेदी त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले होते. कसोटी संघातली ती जागा तोवर दिलीप दोशी, रवी शास्त्री, मणिंदर सिंग अशी अनेक हातांतून गेली होती. शिवलकरांचा चेंडू अजूनही त्याच टप्प्यावर पडत होता.